चाळीस टिकटिकी

उद्यापासून शाळेची व्हॅन व्हॅनकाकांचा जावई चालवणार, आणि माझी झोप उडाली आहे.

काकांनी आधी एकोणीस वर्षं ट्रक चालवला. माझ्या लेकीचे पट्टे आवळताना म्हणायचे, "पोती बरी होती, लाथा मारत नव्हती." लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. ती बोलत नाही, पण गाडी सुरू झाली की उतरेपर्यंत गुणगुणते. म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं भुंगा.

तिला फिट आली की अंग ताठ होतं. त्या सगळ्या मी तारखेनिशी वहीत लिहिते. गेल्या वर्षी एकदा काका दारातच म्हणाले, "ताई, भुंगा आज दोनदा बंद पडला. चाळीस-चाळीस टिकटिकी."

"म्हणजे?"

"गुणगुण मध्येच थांबली. आरशात बघतो तर नजर एकीकडे लागलेली. गाडी कडेला घेतली, इंडिकेटर चालू होता, त्याच्या टिकटिकी मोजल्या."

"रुसली असेल. तुम्ही रस्त्याकडे बघा."

"रुसलेलं माणूस हाक मारली की आणखी रुसतं, ताई. ही ढिम्म."

दुसऱ्या दिवशी मी व्हॅनमध्ये बसले. वळणानंतर गुणगुण तुटली, पापण्या फडफडल्या. घड्याळ लावलं, तर चाळीस टिकटिकी म्हणजे जवळजवळ अर्धं मिनिट. तपासणी करून डॉक्टर म्हणाल्या, "यासुद्धा फिटच. अशा मुलांत त्या लक्षात येत नाहीत." औषध बदललं. माझी वही नीटनेटकी होती, पण त्यात या फिट कधी आल्याच नव्हत्या.

आता काकांना मोतीबिंदू झालाय. कुणी सांगायच्या आधी त्यांनीच किल्ली खाली ठेवली. "आरशात भुंगा दिसतो, नजर दिसत नाही. मग मी कशाला?"

आज जावयाला सगळं समजावलं. फिट पाच मिनिटं टिकली तर नाकात औषधाचा फवारा द्यायचा. तो "हो हो" म्हणाला, इतक्या पटकन की मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यातून त्याला रेडिओ मोठ्याने लागतो. त्यात गुणगुण थांबलेली ऐकू कशी येणार?

संध्याकाळी काकांना फोन केला. ते म्हणाले, "जावयाला काही बोलायची सोय नाही हो, घरात महाभारत होईल. म्हणून रेडिओच काढून आणला. माझ्या खाटेखाली आहे."

मी हसले. तरी उद्या मागच्या सीटवर मी बसणार आहे. किती दिवस, ठाऊक नाही. त्याने पहिल्यांदा स्वतःहून टिकटिकी मोजेपर्यंत तरी.