मशेरीच्या बदल्यात चहा

माझ्या सासूबाई बारवी धरणाकडच्या वाडीतल्या. आम्ही बदलापुरात फ्लॅट घेतला तेव्हा त्या दोन लुगडी आणि मशेरीचा डबा घेऊन राहायला आल्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना चोळायची. त्याशिवाय बाईंना जागच येत नसे. उठलेल्या असत, पण आपल्यात नसत. भाजायच्या दिवशी अख्खा मजला खोकायचा आणि मी दारोदार माफी मागत फिरायचे.

मग त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "माताजी, आजपासून बंद. दीड महिन्यात कमी झाला नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवू." कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

घरी येताच मी डबा मागितला. आईंनी तो पोटाशी धरला. "तुला काय जातंय बोलायला? तू चहा सोडून दाखव!"

मी दिवसाला सहा कप पिणारी, त्यात डोकं गरम. "सोडला! आजपासून!" म्हणून मोकळी झाले. डबा फेकायचा मात्र नाही, ही त्यांची अट. तो फळीवर चहापत्तीशेजारी बसला.

दोन दिवस घरात दोन वाघिणी. दोघींच्या डोक्याला फडकी बांधलेली, नवरा पावलं न वाजवता फिरायचा. आईंना स्वप्नात मशेरीच दिसायची. पहाटे उठून आधी हात धुवायच्या. "खरीच लावली वाटलं गं," म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात माझा धीर सुटला. एक कटिंग प्यायले, वर बडीशेप चावली. मग रोजच. आणि घरी येऊन, मेली मी, डोकं धरून बसायचे! आई लगेच बाम घेऊन यायच्या, माझं डोकं मांडीवर घ्यायच्या आणि अर्धा-अर्धा तास चेपायच्या. लाज वाटायची, पण उठवत नसे.

दीड महिन्याने डॉक्टरांनी बॅटरी मारून गाल पाहिला. "बराच गेलाय. तुकडा नको." मला तिथेच रडू फुटलं.

रिक्षात मात्र राहवेना. "आई, मी चहा पितेय. तिसऱ्या दिवसापासून."

"मना ठाऊक हाय. खरं डोकं दुखलं की कपाळाची शीर उडते. तुझी उडत नव्हती. माझी उडत होती."

"अहो, मग चेपत कशाला बसलात?"

"तेवढा वेळ हात गुंतायचा. नायतर डब्याकडं गेला असता."

घरी आलो. डबा फळीवर तसाच होता. मी पर्स टाकली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. "आई, फार दुखतंय हो."

"खोटारडी," म्हणाल्या, आणि बामचं झाकण उघडलं.