भोंग्याची जागा

आमचे हे चष्म्याच्या काचा घासतात. पंचवीस वर्षं एकच दुकान, एकच स्टूल, आणि समोरच्याचं नाक बघून चष्मा कुठे घसरेल ते सांगायची खोड. पण हा माणूस हिप-हॉपचं संगीत करतो, हे लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं नाही. घरात टेपरेकॉर्डर दिसला तेव्हा वाटलं, गाण्यांची आवड असेल. आवड कसली, माझी सवतच होती ती.

जुन्या तबकडीवरचे ड्रमचे दोन सेकंद हे पॉजचं बटण दाबून दाबून पन्नास वेळा कॅसेटवर उतरवायचे, तेव्हा कुठे एक ठेका तयार व्हायचा. बोट जरा चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यावर शब्द म्हणायला यांचा मित्र यायचा. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि आवाज असा की सगळी गल्ली त्याला भोंगा म्हणायची, मी भावजी. दर सुट्टीच्या दुपारी दोघं आतल्या खोलीत दार लावून बसायचे आणि मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत कपाळाला हात लावायचे. चहा नेऊन दिला की भावजी विचारायचे, कसं वाटलं वहिनी? मी म्हणायचे, कपबश्या शाबूत आहेत एवढंच. किती चांगले दिवस होते ते, आणि मी कटकट करण्यात घालवले.

दोन वर्षांपूर्वी भावजी गेले. त्यानंतर आतल्या खोलीचं दार उघडंच असायचं.

मग यंदा, हे जुन्या तबकड्या आणतात त्या दुकानाच्या मालकाने यांच्याकडे डेमो मागितला. शब्द नकोत, नुसतं संगीत, सात तुकडे. दुकानात जमणाऱ्या श्रोत्यांना ऐकवायचे होते. हे आधी हरखले आणि आठवड्यात तोंड पाडून बसले. भोंग्याला बोलायला जागा हवी म्हणून यांनी प्रत्येक तुकड्याचा मधला भाग मोकळा ठेवलेला, बाकीचे आवाज तिथे दबलेले. आता भोंगाच नाही म्हटल्यावर ते मधलं अंतर भकास वाटायचं. यांनी तिथे कीबोर्ड घातला, बासरी घातली, एकदा तर स्वतःची शिट्टी घातली. सगळं कसं शेजारच्याचा चष्मा घातल्यासारखं.

"त्याच्याशिवाय माझं काही नव्हतंच," हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मालकाला 'जमणार नाही' असं कळवणार होते.

मला राग आला. म्हटलं, तुम्ही लावा संगीत, शब्द मी म्हणते; कुठे काय वर-खाली करायचं ते तुम्ही ठरवा.

"तुला येतात?"

"दार तुम्ही लावत होतात. मी कान नव्हते बंद केले."

पलंगावर बसून मी म्हणायला लागले. अगदी सगळं येत होतं, शिव्यांसकट. हे ऐकत होते आणि एकेक करून कीबोर्ड, बासरी काढून टाकत होते. भावजींच्या आवाजाखाली इतकी वर्षं दबलेले बारीक सूर हळूहळू वर आणत होते. सहाव्या तुकड्यात एका शब्दाला मी अडखळले आणि यांनी संगीत बंद केलं.

"इथेच अडखळायचा तो. दरवेळी. मी किती ओरडायचो त्याला."

मला ती चूक आहे हेच ठाऊक नव्हतं. मी शब्दच तसा शिकले होते. हे हसले आणि हसता हसता रडायला लागले. दोन वर्षांत यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

डेमो दिला. त्या रविवारी दुकानात वीस-पंचवीस माणसं उभी होती, बहुतेक आमच्या निम्म्या वयाची. सहावा तुकडा लागला, माना डोलू लागल्या. यांनी त्या शब्दाच्या जागी ठेका अर्धा क्षण मागे ओढून ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. तिथे सगळ्यांच्या माना एकदम अडखळल्या. आणि चारचौघांत कधी माझ्याकडे वळूनही न बघणाऱ्या या माणसाने माझा हात घट्ट धरला.