ओमाइराची हाक

ओमाइराला गप्प बसलेलं तिच्या माराकाइबोत कुणी पाहिलं असतं, तर आधी डॉक्टरला बोलावलं असतं. ते गावच तोंडाळ. शेजारणीकडं चिमूटभर मीठ मागायचं तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. पण व्हेनेझुएला सोडून ती चिलीत, सांतियागोला आली आणि बाईच्या तोंडाला कुलूप लागलं.

भाषा म्हणाल तर तीच, स्पॅनिश. पण शब्दांनी वाटेत कुठं कपडे बदलले कोण जाणे. तिच्याकडं जिवाभावाच्या माणसाला ‘पाना’ म्हणतात. इथं तिनं खाटकाला प्रेमानं पाना म्हटलं, तर तो म्हणाला, कलेजी संपली ताई, उद्या या. ‘पिको’ म्हणजे तिच्याकडं ‘वर थोडंसं’. किलोभर आणि पिको देते, असं ती गिऱ्हाइकाला म्हणाली आणि बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. इथं तो शब्द पुरुषांच्या अंगाचा, चारचौघांत न उच्चारायचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तेव्हापासून ती बोटांनीच भाव सांगू लागली.

आता बाजारात मुकं राहून कुणाचं पोट भरलंय? ती बसायची रविवारच्या बाजाराच्या अगदी शेपटाला, जमिनीवर चादर पसरून, बिनपरवान्याची. पोलीस दिसले की चादरीची टोकं गोळा करायची आणि पळत सुटायचं. वर रांगेत मात्र एदेल्मिराबाईची ताडपत्रीखाली हक्काची फळी होती, टोमॅटो-भोपळ्याची. म्हातारीचे गुडघे गेले होते, ती धंदा सोडणार होती, आणि जागा कुणाला द्यायची ते बाजारवाल्यांची संघटना तिच्याच शब्दावर ठरवणार होती. दर रविवारी चादर घेऊन पळणाऱ्या ओमाइराला तिनं निरोप धाडला: या रविवारी माझ्या फळीवर उभी राहा, माल खपवून दाखव. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला.

ओमाइरानं आठवडाभर आरशासमोर चिलीच्या बायकांसारखं बोलायचा सराव केला. वाक्याच्या शेपटाला इथल्यासारखं ‘पो’ लावायचं, आवाज वर न्यायचा, सगळं. रविवारी तोच पाठ केलेला सूर लावला, तर कुणी मान वळवून बघेना. बायका सरळ समोरच्या भाजीवाल्या व्लादिमिरच्या फळीवर. ऊन चढलं तरी टोमॅटोचा ढीग होता तसाच.

स्टुलावर बसलेली एदेल्मिराबाई शेवटी वैतागली. “अगं, हा आवाज कुणाकडून उसना आणलास?”

“इथलंच बोलतेय ना, बाई. माझं बोलले की हसतात सगळे.”

“हसू देत की. मी दक्षिणेकडच्या चिलोए बेटावरून इथं आले तेव्हा मलाही हसायचे. मी घाबरून माझं सगळं बोलणं टाकून दिलं. आता बहिणीला फोन केला की ती विचारते, कोण बोलतंय? तू तरी हा मूर्खपणा करू नकोस.”

ओमाइराचे डोळे भरून आले, आणि मागोमाग राग आला. स्वतःचा, त्या आरशाचा, मुक्यानं घालवलेल्या इतक्या महिन्यांचा. कमरेवर हात ठेवून तिनं थेट माराकाइबोची हाक दिली, की बायांनो, नवरा रुसला असेल तर हे टोमॅटो न्या, रस कोपरापर्यंत ओघळला नाही तर मला येऊन शिव्या घाला. बायका थबकल्या. भोपळ्याचं तिनं गावाकडचं नाव घेतलं तशा हसल्याही. ती पण हसली. तुमच्याकडं काय म्हणतात ते सांगा आणि घेऊन जा, म्हणाली. हळूहळू तिच्यापुढं रांग लागली. माझी गिऱ्हाइकं पळवतेय ही, असं व्लादिमिर समोरून कुरकुरला, पण त्यालाही हसू येत होतं.

दुपारी ढीग तळाला गेला तेव्हा एदेल्मिराबाई गुडघे धरत उठली. काय ठरवलंत, हे विचारायचं ओमाइराला धाडस होईना. म्हातारी फळीला वळसा घालून पुढं गेली आणि पिशवी घेऊन बायकांच्या मागं उभी राहिली. आपली पाळी येईपर्यंत थांबली. इथं विकणारी आणि घेणारी एकमेकींना एकाच शब्दानं हाक मारतात, ‘कासेरा’, म्हणजे आपल्या घरचीच. आजवर या फळीमागं म्हातारीच असायची, त्यामुळं फळीमागच्या बाईला मारलेली ती हाक तिनं नुसती ऐकली होती, स्वतः मारायची वेळ कधी आली नव्हती.

“कासेरा,” ती ओमाइराला म्हणाली, “किलोभर दे. आणि पुढच्या रविवारी उजाडताच ये, फळी तुलाच मांडायचीय.”