शटरवरची यादी

पिरंगुटात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. वरच्या खोलीत अकोल्याकडचा एक भाडेकरू राहायचा. नोकरी सोडून त्यानं वर्कशॉपातल्या कामांचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम बनवला होता. तो प्रोग्रॅम ज्याचा त्यानंच आपल्या कॉम्प्युटरवर बसवायचा. पण बसवायच्या पायऱ्या इतक्या, की माणूस चालत लांबच्या माले गावाला जाऊन, जेवून परत आला तरी दुसरी पायरी संपायची नाही.

दर रविवारी तो नवी सीडी आणायचा, मला वर्कशॉपातल्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसवायचा आणि मागं उभा राहायचा. मदत करायची नाही, हा त्याचा नेम. मी चुकलो की स्वतःची मूठ चावायचा. त्या मुठीवरचे दातांचे वण बघून डॉक्टरानं कुत्र्याची इंजेक्शनंच दिली असती.

"कुठं अडकले तेवढं सांगा, काका. चूक माझीच आहे."

मी अडखळलेली पायरी पुढच्या रविवारी गायब असायची. शेवटी एकच बटण उरलं.

"आता म्हशीलाबी जमंल!" मी म्हणालो.

तो हसला नाही. "एकानं तरी वापरला पाहिजे, काका. नाहीतर मी गावी परत."

"वापरतो की!" मी छातीठोक सांगितलं.

महिन्यानं तो सकाळी, मी शटर वर करायच्या आधीच, मागच्या दारानं आला. कॉम्प्युटरवर धुळीचा थर होता. शटरच्या आतल्या अंगाला माझ्या कामांची यादी होती, नेहमीसारखी खडूनं लिहिलेली. त्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे तर बसवावंच लागत नाही," तो हळूच म्हणाला.

मी त्याच्या मुठीकडं बघत राहिलो. त्यानं ती चावली नाही.