नंतर म्हणजे नको

आमच्या मालतीच्या पोटात अर्ध्या सोलापूरची गुपितं आहेत. मी तिचा नवरा, पण मला त्यातलं एकही कधी कळलेलं नाही. आमच्या पुढच्या खोलीत ती वधू-वर सूचक मंडळ चालवते. कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाचा दारुडा भाऊ, लोक तिच्या कानात सांगून निर्धास्त घरी जातात. "अहो, चहा टाका," असं ती म्हणाली की मी ओळखतो, आता मी आत गेलेलं बरं.

या कामाची एक भाषा आहे. स्थळ पसंत नसलं तरी तोंडावर 'नको' कुणी म्हणत नाही. 'नंतर कळवतो' म्हणतात, चहा संपवतात आणि उठतात. पुन्हा फोन करायचा नसतो, हे दोन्हीकडच्यांना न सांगता समजतं.

आता हे कॉम्प्युटरला कोण समजावणार? मध्यंतरी अपडेट झालं आणि पडद्यावर चौकट आली. तुम्ही पडद्यावर जे जे पाहता त्याचे फोटो काढून मी लक्षात ठेवू का, म्हणजे पुढे शोधायला सोपं! खाली बटणं दोनच, 'होय' आणि 'नंतर'. 'नको' नव्हतंच. असला आगाऊपणा! घरी आलेला पाहुणासुद्धा आपलं कपाट उघडायच्या आधी विचारतो आणि नकार ऐकून घेतो. मालतीने 'नंतर' दाबलं. "झालं, कटवलं त्याला," म्हणाली. त्याने मात्र नंतर म्हणजे नंतरच धरलं, आणि पुढच्या अपडेटला गुपचूप फोटो काढायला सुरुवात केली.

माढ्याची अपेक्षा इथे शाळेत शिकवते. होटगीच्या मानसिंगरावांच्या अभिमन्यूशी तिचं जमत आलं होतं, रविवारी दोघं भेटणार होती. त्याआधी तिने मालतीला मेसेज केला. "काकू, मला फिट येतात, गोळ्या चालू आहेत. अभिमन्यूला मी स्वतः समोर बसून सांगणार आहे. तोवर कुणालाही कळू देऊ नका." मालतीने तो कॉम्प्युटरवर वाचला, पुसला आणि तिला फोन केला, "वाचलं गं, आणि पुसूनही टाकलं. तुझं तूच सांग." मला यातलं अर्थातच काही माहीत नव्हतं. कळलं ते असं.

शुक्रवारी मानसिंगराव आले. मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा ते म्हणत होते, "बाई, पोरीनं अपेक्षा काय लिवल्यात तेवडं दावा की. घरात इचारत हायत."

बायोडेटाच्या तळाशी प्रत्येकाची 'अपेक्षा' असते, मुलगा निर्व्यसनी हवा, नोकरी कायमची हवी वगैरे. मालतीला फाइल सापडेना. मानसिंगराव शेजारी खुर्ची ओढून बसलेले. तिने शोधायच्या चौकटीत टाइप केलं, 'अपेक्षा'.

कॉम्प्युटरला त्यातून मुलगी कळली. पुसलेल्या मेसेजचा फोटो पडदाभर उघडला. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. वर ठळक अक्षरांत सारांशही काढून दिला: 'अपेक्षाला फिट येतात, गोळ्या चालू. मुलाकडच्यांना अजून सांगितलेले नाही.'

मानसिंगरावांनी ते सावकाश वाचलं.

"लपीवलं व्हय बाई तुमी?"

"लपवलं नाही हो. रविवारी ती स्वतःच अभिमन्यूला..."

"व्हय, व्हय." त्यांनी चहा संपवला, टोपी नीट केली. "बरं, नंतर कळीवतो."

ते गेल्यावर मी ते फोटो बंद करायची सोय शोधत बसलो. सेटिंगच्या आतल्या सेटिंगमध्ये ती दडवून ठेवली होती. तिथे पुन्हा प्रश्न, 'तुम्हाला खरंच बंद करायचं आहे का?' आता विचारतोस होय रे मेल्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

संध्याकाळी मालतीने अपेक्षाला फोन लावला, स्पीकरवर, आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मला आत पाठवलं नाही.

"काय म्हणाले ते?" अपेक्षाने विचारलं.

"नंतर कळवतो म्हणाले."

अपेक्षाला अर्थ लगेच कळला.

"मला फक्त माझ्या तोंडून सांगायचं होतं, काकू," ती म्हणाली. मग हळूच, "तुम्ही तर पुसलं म्हणाला होतात."

"पुसलं होतं गं," मालती म्हणाली. अगदी खरं बोलत होती ती, आणि तरी तिचा आवाज तिलाच खोटा वाटत होता.