गुड फ्रायडेची घंटा

गुड फ्रायडेच्या दिवशी मी चर्चची घंटा वाजवली. यात काय मोठंसं, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सांगतो. आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, 'ग्लोरिया'च्या स्तोत्राला घंटा वाजते आणि मग मुकी होते, ती थेट शनिवारी रात्रीच्या, पुनरुत्थानाच्या मिस्सापर्यंत. मधल्या वेळात लाकडी खुळखुळ्यावर भागवायचं. आमच्या वसईत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मी नातवंडांचा आजोबा आहे. चर्चचं नाव लिहीत नाही. फादरांनी आधीच पुरेसं सोसलंय.

त्या शुक्रवारी सकाळी रेजिनवहिनीचा फोन आला. "डुमिंग उठत नाहीये रे..." एवढंच. मी गिरीजला त्यांच्या घरी पोहोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. आदल्या संध्याकाळी त्याने ग्लोरियाला घंटा वाजवली, दोर खुंटीला गुंडाळला, घरी येऊन पेज प्यायला आणि झोपला, तो झोपलाच. अंगणात जमलेले पाहुणे एकमेकांना सांगत होते, "पुण्यवान हो! गुड फ्रायडेला मरण यायला भाग्य लागतं." माझं टाळकं सटकलं. कसलं भाग्य? आत त्याची बायको सवयीने दोघांचा चहा करून बसली होती. मागच्या वाडीत केळीचे घड टेकू मागत होते. हे भाग्य असेल तर देवाने ते पाहुण्यांना द्यावं, मी मुळीच आड येणार नाही.

डुमिंग माझा शाळेपासूनचा दोस्त. नोकरी चित्रकलेच्या मास्तराची, पण गाव त्याला ओळखायचं ते घंटेवरून. जुना घंटावाला थकला तेव्हा 'चार दिवस बघतो' म्हणून याने दोर हातात घेतला आणि मग कुणाला शिवू दिला नाही. गावात कुणी गेलं की मरणाची घंटा यानेच वाजवायची. एक टोला, मग मनातल्या मनात 'नमो मारिया'ची एक अख्खी प्रार्थना, मग पुढचा टोला. ती ऐकली की वाडीतली माणसं हातातला कोयता थांबवायची, टोपी काढायची आणि कुंपणापलीकडे विचारायची, "कोण गेलं रे?" आता मोबाइलच्या ग्रुपवर फोटो येतो, खाली हात जोडल्याची चित्रं. कोयता कशाला थांबतोय!

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी दरवर्षी काहीतरी सोडतो आणि डुमिंग दरवर्षी माझी हजेरी घ्यायचा. एका वर्षी मी दारू सोडली, ताडी ठेवली. ताडी झाडाची, देवाने दिलेली. "तू दारू नाही सोडलीस," तो म्हणाला, "दुकान बदललंस." यंदा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून बाहेर आलो आणि जाहीर केलं, की या वर्षी राग सोडला. तो एवढा हसला की त्याच्या कपाळावरची राख नाकावर आली. "राग गेला तर तुझ्यात उरेल काय? पोट?"

तर त्या दिवशी वहिनी त्याच्या उशाशी बसली होती. डोळे कोरडे. बाया मागे लागल्या होत्या, रड बाई, मोकळी हो. तिने मला जवळ बोलावलं. "साऱ्या गावाची घंटा याने वाजवली. याची कोण वाजवणार? ती ऐकल्याशिवाय हा गेला असं मला वाटतच नाही रे..."

मी तडक फादरांकडे गेलो. वयाने माझ्या मुलाएवढे, स्वभावाने गरीब. "काका, उद्या सकाळी दफन करू, प्रार्थना मी स्वतः घेईन. पण मिस्सा नाही आणि घंटाही नाही. आज नाही."

"ज्याने आयुष्यभर वाजवली त्याला नाही?"

"नियम माझा नाही. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मागे एक आजी याच दिवशी गेल्या. मी विरघळलो होतो. डुमिंगकाकाच दोर धरून उभे राहिले. म्हणाले, आज प्रभूसाठी वाजत नाही, मग कुणासाठीच नाही."

इथे माझा राग फिरला. फादरांवरून उठला आणि मेलेल्या माणसावर जाऊन बसला. अरे शहाण्या, स्वतःच्या हाताने स्वतःचं दार लावून घेतलंस! आणि आम्ही? चाळीस दिवस एका मरणाची तयारी करतो, क्रुसाच्या वाटेवर गुडघे झिजवतो, आणि खरं मरण दारात आल्यावर त्याला म्हणतो, आज नको, सोमवारी ये. मी मनोऱ्यात शिरलो, खुंटीवरचा दोर सोडला आणि खेचला.

खेचला म्हणजे लोंबकळलो. हलक्या हाताने एकेक टोला द्यायचा असतो हे रागात कुणाला आठवतं? घंटा हिंदकळली आणि सुटलीच. नमो मारिया राहिली बाजूला, 'न' म्हणेपर्यंत तीन टोले पडत होते. दोर मला वर नेत होता, खाली आपटत होता आणि मी रडत, देवाला नको नको ते बोलत, त्याला चिकटून होतो. लोक घराबाहेर आले. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'प्रभू आज दुपारीच उठले वाटतं.' फादर धावत आले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवून दोर आवरला, घंटा गप्प होईपर्यंत तसेच उभे राहिले, आणि त्यांचेही डोळे भरलेले होते.

याला आता काही आठवडे झाले. चर्चमध्ये अजून रोज पुनरुत्थानाच्या आनंदाचं 'हालेलुया' चालू आहे. मी ओठ हलवतो, आवाज निघत नाही. समजावणारे पुष्कळ भेटतात. मला समजायचं नाहीये. क्रुसावरून प्रभूनेही बापाला 'का?' म्हणून विचारलंच होतं. त्याला कुणी म्हणालं नाही, की भाग्य लागतं.

त्या दुपारी मी परत त्यांच्या घरी गेलो. तळहात सोलवटलेले, सदरा फाटलेला. वहिनी तशीच उशाशी होती, पण पदर ओला होता आणि खांदे हलत होते. मी खाली मान घालून म्हणालो, "वहिनी, वाजवली."

"ऐकली," ती नाक पुसत म्हणाली. "पहिला टोला पडला तशी मला रडू फुटलं. मग तू असली काही बडवलीस की रडता रडता हसायला आलं. बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मेल्या, धड रडूसुद्धा दिलं नाहीस!"