वहिनींच्या शेडसाठी आणलेला बोर्ड

वीस वर्षं झाली, परतूरला मी वायरमनचं काम शिकवतो. त्यामुळे विजेच्या बाबतीत मला कुणी काही सांगितलेलं खपत नाही, आणि घरचेही त्या भानगडीत पडत नाहीत. पंखा बंद पडला तरी ते आधी मला दोन शब्द बोलू देतात, मग पंखा दाखवतात.

आमचं गाव वाटूरपासून थोडं आत. थोरला भाऊ आणि वहिनी शेतातच राहतात, मी शनिवार-रविवार जातो. आठ वर्षांपूर्वी वहिनींनी कापसाचं एक रान मोडून तुती लावली आणि घरामागं रेशीमकिड्यांचं शेड उभं केलं. शेडचा कारभार एकट्या त्यांच्या हातात. भावाला आत यायची बंदी आहे, कारण तो तंबाखू खातो, आणि तंबाखूचा हात पाल्याला लागला तरी अळ्या मरतात. त्यानं तुतीच्या फांद्या कापून दारापाशी आणून टाकायच्या, पुढचं सगळं वहिनी. उन्हाळ्यात तर त्यांना शेड सोडून हलताच येत नाही. चारी बाजूंना गोणपाटाचे पडदे, त्यांच्यावर अर्ध्या-अर्ध्या तासानं पाणी मारायचं आणि भिंतीवरच्या तापमापकावर नजर ठेवायची. एखादी दुपार हुकली तर महिन्याभराची मेहनत गेलीच म्हणायची.

या उन्हाळ्यात त्यांच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. माहेर घनसावंगीच्या पलीकडे, म्हणजे काही परदेश नाही, पण अळ्या कोश करण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेत होत्या आणि वहिनींना जाता आलं नाही. आई रोज फोन करायची. म्हणायची, “मला आता साफ दिसून राह्यलंय, पहिले तुझं तोंड दाखव.” वहिनींनी हे मला हसत हसत सांगितलं आणि लगेच पडद्यांवर पाणी मारायला उठल्या.

मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी यंत्र काढतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, येत्या शनिवारी शेडमध्ये एक बोर्ड बसवून देतो. गरमी वाढली की तुमच्या मोबाइलवर लगेच मेसेज येईल. रविवारी सकाळी बिनघोर निघा.

वहिनींनी त्याच दिवशी माहेरी कळवून टाकलं.

बोर्ड म्हणजे बिस्किटाएवढी हिरवी पट्टी. ती वायरनं कॉम्प्युटरला जोडायची, कॉम्प्युटरनं तिला ओळखायचं, मग आपण लिहिलेला प्रोग्राम तिच्यात जातो. शनिवारी दुपारी ओसरीवर लॅपटॉप मांडला, घरातली एक वायर घेतली आणि बोर्ड जोडला. बोर्डावरचा लाल दिवा झकास पेटला. कॉम्प्युटरच्या यादीत मात्र त्याचं नाव येईना.

दिवा पेटला म्हणजे वायर चांगली, हे मी पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. तेव्हा वायरीचा प्रश्न मी तिथंच निकालात काढला. दुसऱ्या खाचेत लावून पाहिलं, तिसऱ्या खाचेत लावून पाहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. बोर्डाची भाषा कॉम्प्युटरला समजावणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो पुसून पुन्हा टाकायचं ठरवलं. तो नेटवरून घ्यायचा, आणि घराजवळ नेट इतकं मंद की मेसेजपलीकडे काही येत नाही; जोराची रेंज फक्त विहिरीच्या काठावर. म्हणून मी भर उन्हात लॅपटॉप छातीशी धरून विहिरीच्या काठावर उभा. बांधावरून जाणाऱ्या एका म्हातारबांनी भावाला विचारलं म्हणे, मास्तरांचं बरं आहे ना?

संध्याकाळपर्यंत मी ड्रायव्हर तीनदा टाकला. यादी रिकामीच. बोर्ड बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि लॅपटॉपला मी आळीपाळीनं शिव्या दिल्या. भाऊ म्हणाला, “बोर्ड मेला असंल.” मी त्याला व्होल्टेज आणि करंट यांतला फरक समजावून सांगितला. त्याचा इथं काही संबंध नव्हता, पण तो उठून गेला.

रविवारी सात वाजता वहिनी तयार होऊन बाहेर आल्या. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत आईसाठी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. झालं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अर्धा तास. अर्ध्या तासानं पुन्हा अर्धा तास म्हणालो. तिसऱ्या अर्ध्या तासाला त्यांनी विचारलंच नाही. त्या आत गेल्या आणि रोजची जुनी साडी नेसून आल्या. जंतू मरावेत म्हणून दारात पसरलेल्या चुन्यावर पाय देऊन शेडमध्ये शिरल्या आणि पडद्यांवर पाणी मारल्याचा आवाज यायला लागला.

मला भयंकर लाज वाटली. ती लपवायला मी ड्रायव्हर चौथ्यांदा टाकला.

दहाच्या सुमारास त्या चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्यांची नजर वायरीवर गेली. वायरीच्या मधोमध काळी टेप गुंडाळलेली होती.

“भावजी, ही तर माझ्या चार्जिंगची वायर हाय ना? दिवाळीत उंदरानं कुरतडल्ती, ती?”

मी हो म्हणालो. दुरुस्त मीच केली होती, त्यामुळे वायर पक्की आहे, असंही वर ऐकवलं.

“पण तवा तुम्ही नुसती लाल अन् काळी जोडल्ती. हिरवी अन् पांढरी बेकार हाय म्हणून तोडून टाकली न्हाई का?”

खरंच तोडली होती. एवढंच नाही, तर तेव्हा मी अंगणात उभं राहून घरच्यांना सांगितलं होतं की करंट जायला एक तार आणि यायला एक तार लागते, बाकीच्या तारा कंपन्या उगाच घालतात आणि खर्च वाढवतात. लाल-काळीतून वीज जाते, म्हणून दिवा पेटत होता. बोर्डाचं आणि कॉम्प्युटरचं बोलणं मात्र हिरवी-पांढरीतून होतं, आणि त्या दोन्ही मी पकडीनं कापून उकिरड्यावर टाकली होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथं तर अंगण मी स्वतः खणून ठेवलं होतं.

चहा तसाच टाकून मी मोटारसायकलवर वाटूरला गेलो आणि नवी वायर आणली. जोडल्याबरोबर यादीत बोर्डाचं नाव आलं. मला इतका आनंद झाला की मी भावालाही हाक मारून ते नाव दाखवलं. प्रोग्राम टाकला, वहिनींचा मोबाइल जोडला, नेटसाठी एक जुना मोबाइल ठेवला आणि बोर्ड शेडमध्ये टांगला. कपड्यात गुंडाळलेला गरम पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ धरला, तर वहिनींच्या हातातला मोबाइल वाजला. मी त्यांच्याकडे अशा चेहऱ्यानं पाहिलं की आता शाबासकी येणारच.

त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, मग पडद्यांकडे पाहिलं.

“हा माझ्याजवळच वाजणार ना? मी तिकडं आईपाशी बसलेली. मंग हितं पाणी कोण मारणार?”

आठवडाभर मी हे यंत्र डोक्यात घेऊन फिरत होतो. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. भाऊ शेडबाहेर उभा होता आणि त्याचा गाल तंबाखूनं फुगलेला होता.

मी चाचरत म्हणालो, मी बसतो.

“बसा ना,” वहिनी म्हणाल्या. रागावून नाही, अगदी साधेपणानं. “तुम्ही तर तंबाखू बी खात न्हाई. काल आल्या आल्या बसले असते, तर मी कालच गेले असते.”

त्या पुन्हा साडी बदलून दुपारच्या जीपनं गेल्या. मी हातपाय धुऊन, चुन्यावर पाय देऊन आत गेलो आणि बादली घेतली. आठ वर्षांत शेडमध्ये मी दहा-बारा वेळा गेलो असेन, तेही पाहुण्यांना दाखवायला. पाचव्यांदा पाणी मारताना माझी पाठ धरली. बोर्डावरून वहिनींना मेसेज जायची वेळ काही आली नाही. तो जाऊ नये म्हणून मी दर दहा मिनिटांनी उठत होतो, कारण तो गेला असता तर त्यांना आईजवळून उठावंसं वाटलं असतं.

दिवेलागणीला त्यांचा फोन आला. आधी किती डिग्री आहे ते विचारलं, पाला टाकला का ते विचारलं. मग मी विचारलं, आईला दिसतंय का नीट?

“बराबर दिसतंय,” त्या म्हणाल्या. “दारातच माझं तोंड हातात धरलं अन् रडायला लागली. म्हणती, तू इतकी कधी वाळलीस?”

मी त्यांना आठ वर्षं दर शनिवारी पाहत होतो.